क्लिकर नंतर, आधी टेप काढा : ऑफ-रोड सस्पेन्शनवरचे प्रश्न

मागच्या अंकात ऑफ-रोड बाईकच्या सस्पेन्शनबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि खरं सांगतो, एवढे येतील असं वाटलं नव्हतं. सगळे वाचले. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट सारखी आहे, क्लिकर (सस्पेन्शनची चाल मऊ-कडक करायचे फिरवायचे स्क्रू) किती आत, किती बाहेर, कोणत्या मित्राने काय सांगितलं हे सगळं लिहिलंय पण सॅग किती आहे ते मात्र कुणीच लिहिलेलं नाही. म्हणून पहिलं उत्तर जरा लांब झालंय, ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न : दादा, नवीन एन्ड्युरो बाईक घेतली. माझं वजन ९२ किलो, बूट, हेल्मेट, गार्ड, पाण्याची बॅग धरून वर १० किलो. ब्रेक मारला की पुढचं नाक खाली घालतं आणि मागचं दगडावर आपटतं. सगळे क्लिकर आत घालून बघितले, बाहेर काढून बघितले, काहीच मनासारखं होत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी सगळे क्लिकर मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यांवर परत आणा आणि काही दिवस त्यांना विसरून जा. टेप, मार्कर आणि दोन मित्र, एवढंच लागेल.

सॅग म्हणजे बाईक वजनाने किती खाली बसते ते. मागचं चाक हवेत राहील अशी बाईक स्टँडवर घ्या. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, मडगार्डवर किंवा साईड पॅनलवर मार्करने एक खूण करा, ॲक्सलच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत मोजा. समजा ६०० मिमी आलं. आता स्टँड काढा, बाईक स्वतःच्या वजनावर उभी राहू द्या (कुणीतरी हँडल फक्त सरळ धरायचं, दाबायचं नाही), परत मोजा, समजा ५६५. म्हणजे स्टॅटिक सॅग ३५. आता तुम्ही पूर्ण गिअर घालून, पाण्याची बॅग भरून, पेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभे राहा, एका मित्राने पुढून हँडल धरायचं, तुम्ही दोन-तीनदा हलकंसं उसळून स्थिर व्हायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. ४९७ आलं तर रायडर सॅग १०३.

साधारण ३०० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली जास्तीत जास्त जेवढं हलतं ते अंतर) असलेल्या मोटोक्रॉस-एन्ड्युरो बाईकला रायडर सॅग १०० ते १०५ च्या आसपास आणि स्टॅटिक ३० ते ४० मिमी हवा. लिंकेज (मागचा शॉक आणि चाकाचा चिमटा जोडणारे सांधे) नसलेल्या काही बाईकना कंपनीच ११० च्या आसपास सांगते, तर तिथे मॅन्युअलचं ऐका. मोजताना एक काळजी घ्या, सील आणि बेअरिंगमध्ये घर्षण असतं त्यामुळे एकदा मागचं थोडं वर उचलून अलगद सोडा आणि मोजा, मग थोडं दाबून अलगद सोडा आणि मोजा, दोन्हीची सरासरी तो खरा आकडा. दोन्हीत खूपच फरक आला तर लिंकेज जाम आहे, बाकी सगळं सोडून आधी ते उघडा.

तुमच्या बाबतीत मला अंदाज आहे काय निघेल. बहुतेक कंपन्या ७५ ते ८५ किलोचा रायडर धरून स्प्रिंग टाकतात, तुम्ही गिअरसकट १०२. सॅग १२० च्या पुढे गेलेला असणार. प्रीलोडची रिंग (मागच्या शॉकवरची, स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणारी) आवळून तो १०३ वर आणा (आधी थ्रेड ब्रशने साफ करा, चाक हवेत ठेवा, मग लॉक रिंग सैल करा). शॉकवर १ मिमी प्रीलोड वाढवला की मागचा सॅग ढोबळमानाने ३ मिमीने कमी होतो, कारण चाक ३ मिमी वर येतं तेव्हा शॉक साधारण १ मिमी दबतो. १०३ आला की लगेच स्टॅटिक परत मोजा, खरी गोष्ट तिथे कळते. १०-१५ मिमीच राहिला असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. मऊ स्प्रिंगला तुम्ही प्रीलोडने इतकं आवळलंय की रिकामी बाईक तिला दाबूच शकत नाही, मागचं चाक पूर्ण लांब होऊन उभं, आणि तरी दगडावर शेवटपर्यंत जाणार. तेव्हा पुढची आणि मागची, दोन्ही स्प्रिंग तुमच्या वजनाच्या घ्या. फक्त मागची बदलू नका, मग पुढचं आणखीच नाक घालेल.

माझ्या पहिल्या बाईकवर मी जवळजवळ एक अख्खा सीझन शॉक खराब आहे असं समजून चालवत होतो. एका जुन्या रायडरने एक दिवस न बोलता टेप काढला, सॅग १३५ निघाला. अर्ध्या तासाच्या कामानंतर त्याच उतारावर, जिथे मी रोज पाय खाली टाकायचो, तिथे पाय पेगवरून हलला नाही. तेव्हापासून टेप माझ्या टूलबॅगमध्ये सगळ्यात वर असतो.

प्रश्न : मी ५४ किलोची आहे. बाईकची प्रीलोड रिंग जवळजवळ पूर्ण सैल केली तेव्हा कुठे रायडर सॅग १०० आला, स्टॅटिक मात्र ५० येतोय. दगडांवर बाईक हातातून सुटते, सगळे म्हणतात हातात ताकद कमी आहे, जिम कर. खरंच तसंय का?

उत्तर : नाही ताई, हात ठीक आहेत तुमचे. स्प्रिंग कडक आहे.

वरच्या उत्तरातलं उलटं तुमच्याकडे झालंय. लोकांचा इथे नेहमी गोंधळ होतो, स्टॅटिक सॅग जास्त म्हणजे स्प्रिंग मऊ असंच कुणालाही वाटेल, पण रायडर सॅग बरोबर असताना स्टॅटिक जास्त असेल तर स्प्रिंग कडक असते. कारण बघा, प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. ५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग प्रत्येक पुढच्या मिमीला ५ न्यूटनच मागणार, तुम्ही तिला कितीही आवळा. प्रीलोड फक्त ती कुठून धरायला सुरुवात करणार एवढंच ठरवतो. तुमची स्प्रिंग इतकी कडक आहे की १०० मिमी खाली बसायला तिला जवळजवळ आवळायचंच नाही अशी वेळ आली, मग रिकामी बाईकच ५० मिमी बसून जाते आणि तुम्ही बसल्यावर फक्त ५० मिमीची भर पडते. तिथून पुढे दगड आला की स्प्रिंग दबायला तयार नाही आणि तो सगळा धक्का तुमच्या मनगटात.

एक साईज किंवा दोन साईज मऊ स्प्रिंग पुढे-मागे दोन्हीकडे टाका. आणि कम्प्रेशनसोबत (दबताना होणारा अडथळा) रिबाउंडही (परत लांब होताना होणारा अडथळा) दोन-तीन क्लिक बाहेर घ्या, मऊ स्प्रिंग परत ढकलते पण कमी जोराने, तिला अडवायला तेवढं डॅम्पिंग, म्हणजे ऑइलचा अडथळा, लागत नाही. हलक्या रायडरना, विशेषतः मुलींना, कायम "सवय होईल" असं सांगितलं जातं याचा मला खरंच त्रास होतो. चुकीच्या स्प्रिंगची सवय कशाला करून घ्यायची?

प्रश्न : सॅग १०४, स्टॅटिक ३४, वजनाच्या स्प्रिंग टाकल्यात. तरी लागोपाठच्या उंचवट्यांवर पहिले दोन-तीन मस्त जातात, चौथ्या-पाचव्यापासून पुढचं काठीसारखं कडक होतं. मी कम्प्रेशन आणखी मऊ केलं तर आणखीच वाईट झालं. असं कसं?

उत्तर : तुम्ही सॅग लिहिलात त्याबद्दल आधी आभार, त्यामुळे उत्तर सोपं झालं. दोष कम्प्रेशनचा नाही, रिबाउंडचा आहे.

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत लांब होतं तो वेग. रिबाउंड जास्त आत असेल तर पहिल्या उंचवट्यावर फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो, परत यायला वेळ लावतो, तेवढ्यात दुसरा उंचवटा, मग पूर्ण लांब न होताच परत दबतो, असं करत करत चौथ्यापर्यंत तो अर्ध्याच्या खाली अडकलेला असतो. याला पॅकिंग म्हणतात. खाली स्प्रिंग आधीच दाबलेली, आत हवा दाबलेली, म्हणून कडक. तुम्ही कम्प्रेशन मऊ केलंत तर प्रत्येक वेळी आणखी खोल दबायला लागला, म्हणून आणखी वाईट.

रिबाउंड दोन क्लिक बाहेर काढा, तोच पट्टा परत मारा. अजून दोन. एका टप्प्यावर पुढचं चाक उंचवट्यावरून उसळायला लागेल, हँडल हातात नाचायला लागेल, तिथून एक-दोन क्लिक परत आत.

क्लिकर मोजायची पद्धत पण सांगून ठेवतो कारण अनेकांनी "मी ५ वर ठेवलंय" असं लिहिलंय, पण कुठून ५? घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण आत न्यायचं, टेकलं की थांबायचं, आणि तिथून बाहेर मोजत यायचं. जोर लावू नका, आत बारीक निमुळती सुई असते, तिचं टोक आणि बसायची जागा दोन्ही खराब होतात आणि मग क्लिकर नुसता फिरतो, फरक काहीच पडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिक, एकच पट्टा, आणि कागदावर लिहा. डोक्यात राहत नाही, तिसऱ्या बदलानंतर सगळं मिसळतं.

आणि हाय स्पीड, लो स्पीड हा बाईकचा वेग नाही, शॉकचा दांडा किती वेगाने आत जातो त्याचा वेग आहे. तुम्ही २० च्या स्पीडने चालताय आणि चाक चौकोनी दगडावर धडकलं तर ते हाय स्पीड. ८० ला चालताना ब्रेक लावला आणि पुढचं सावकाश खाली गेलं तर ते लो स्पीड. म्हणून ब्रेकला नाक घालत असेल तर लो स्पीड कम्प्रेशन आत, दगडाचा ठोका लागत असेल तर हाय स्पीड बाहेर.

प्रश्न : फोर्कच्या वर छोटे स्क्रू असतात हवा काढायचे. ते खरंच उघडायचे असतात का?

उत्तर : हो, प्रत्येक राईडच्या आधी. फोर्क चालता चालता हवा आत घेतो, उंचीवर गेलात तर तोच दाब आणखी जाणवतो. पुढचं चाक हवेत, फोर्क थंड, पूर्ण लांब, मग स्क्रू काढा, बारीक फुस्स येईल, परत लावा. चाक जमिनीवर असताना उघडू नका. आणि तुमचा एअर फोर्क असेल तर हवा भरायच्या व्हॉल्व्हला हवा काढायचा स्क्रू समजून हात लावू नका, तिथे १० बारच्या आसपास दाब असू शकतो आणि तोच तुमची स्प्रिंग आहे.

प्रश्न : वळणावर पुढचं चाक बाहेर बाहेर जातं, आत वळायलाच तयार नाही. टायर बदलून बघितला. सरळ वाटेवर मात्र बाईक खांबासारखी स्थिर. फोर्क मऊ करू का?

उत्तर : फोर्कला हात लावायच्या आधी मागचा सॅग मोजा. मागचं जास्त बसलं की पुढचं वर येतं, हँडलच्या नळीचा कोन सपाट होतो, बाईक सरळ स्थिर राहते पण वळत नाही. तुम्ही अगदी हेच वर्णन केलंय. सॅग १०८-११० असेल तर १०२ वर आणा आणि तेच वळण घ्या, बऱ्याचदा इथेच काम संपतं.

सॅग बरोबर असूनही तेच होत असेल तर फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून ३ मिमी वर सरकवा, म्हणजे पुढचं तेवढं खाली येईल. दोन्ही बाजू व्हर्नियरने सारख्या करा, डोळ्याने नको. ५ मिमी इथे खूप असतात, म्हणून एकदम तिथपर्यंत जाऊ नका. जास्त झालं की वेगात हँडल डावी-उजवीकडे फडफडायला लागतं, मग १-२ मिमी मागे या. फडफड आधीपासूनच होत असेल तर हेच सगळं उलट करा.

प्रश्न : फोर्क सर्व्हिस करून आणला, नवीन ऑइल, नवीन सील, आणि छोट्या खड्ड्यांवर आधीपेक्षा जास्त कडक लागतोय. मेकॅनिक म्हणतो नवीन सील आहेत, सेट होतील.

उत्तर : थोडं होतंही तसं, पण एक राईड झाल्यावरही तसंच असेल तर ॲक्सल बघा. मला हे इतक्या वेळा सापडलंय की आता कडक फोर्कची तक्रार आली की मी आधी इथेच हात घालतो.

चाक बसवताना ॲक्सलचे पिंच बोल्ट (ॲक्सलला फोर्कच्या पायात आवळून धरणारे) आधी आवळले गेले तर फोर्कचे दोन पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत, जरासे आत किंवा बाहेर ओढलेले राहतात, आणि मग दर वेळी दबताना नळ्या बुशिंगवर घासतात. उपाय फुकट आहे. ॲक्सलचा नट मॅन्युअलप्रमाणे आवळून, ज्या पायावर ॲक्सल सरकतो त्या बाजूचे पिंच बोल्ट सैल करा, बाईक जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, पाय आपोआप जागेवर येतो, मग बोल्ट आवळा. खालच्या क्लॅम्पचे बोल्ट पण टॉर्क रेंचने बघा, तिथे नुसत्या हाताने जोर लावून आवळलेले असतील तर बाहेरची नळी दाबली जाते आणि तिथून आतली सरकताना अडकते.

हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघितलीत ना? एन्ड्युरोला ट्यूब आणि रिम लॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा) असेल तर १२ ते १४ पीएसआय चालतं. कुणीतरी रस्त्यासाठी ३० भरून ठेवलेली असली तर छोट्या खड्ड्यांचा मारा तिथूनच येतोय, फोर्क बिचारा काय करणार.

प्रश्न : जंपवर फोर्क ठण्णकन आपटतो. ५ वेटच्या जागी १० वेट ऑइल टाकू?

उत्तर : नको. जाड ऑइल टाकलं की कम्प्रेशन, रिबाउंड, लो स्पीड, हाय स्पीड सगळं एकदम जड होतं आणि जंप सोडून बाकी सगळी वाट खराब. शिवाय वेट हा ऑइलच्या जाडपणाचा आकडा भरवशाचा नाही, एका ब्रँडचं ५ आणि दुसऱ्याचं ५ प्रत्यक्षात बरंच वेगळं पातळ-जाड असतं. तुलना करायची तर डब्यावर ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक्स (जाडपणाचं माप) किती ते बघा.

तुम्हाला फक्त शेवटचा टप्पा कडक हवाय, तर ऑइलची पातळी वाढवा. फोर्कमध्ये ऑइलच्या वर जी हवा असते ती पण एक स्प्रिंगच आहे, ऑइल जास्त म्हणजे हवेला जागा कमी, मग फोर्क खोल गेला की ती झटकन दाबली जाते आणि आधार देते, वरच्या टप्प्यात मात्र फरक फारसा कळत नाही. साध्या उघड्या चेंबरच्या फोर्कमध्ये स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून ऑइलपर्यंत मोजायचं. समजा ११५ मिमी आहे, तर ११० करा आणि चालवून बघा. ५-५ मिमीनेच जायचं, मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा ओलांडायची नाही, नाहीतर सील फुटतात.

आणि खरंच आपटतोय का ते आधी बघा. फोर्कच्या चकचकीत नळीला एक झिपटाय हलकासा बांधा, सीलच्या खाली सरकवून ठेवा. राईडनंतर तो कुठे जाऊन थांबला ते बघा. दिवसातून एक-दोनदा, सगळ्यात मोठ्या जंपवर शेवटपर्यंत गेला तर काहीच बिघडलेलं नाही, तेवढा ट्रॅव्हल वापरायलाच दिलाय. दिवसभर चालवून ५०-६० मिमी शिल्लक राहत असतील तर उलट तुमचा फोर्क कडक आहे.

प्रश्न : लिंकेजवाली बाईक चांगली का बिनालिंकेजची? ग्रुपमध्ये रोज भांडणं होतात यावरून.

उत्तर : दोन्हींवर लोक जिंकलेत, त्यामुळे भांडू नका. १९७३ मध्ये हाकन अँडरसनने यामाहावर २५० सीसीचं मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा मागे एकच शॉक होता, लुसिएन टिल्केन्स या बेल्जियन माणसाची कल्पना, आणि त्यात लिंकेज नव्हतं. पुढे १९८० च्या आसपास कावासाकीचं युनि-ट्रॅक, होंडाचं प्रो-लिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर आलं. लिंकेजने सुरुवात मऊ आणि शेवट कडक असं करता येतं. केटीएमने आपल्या एन्ड्युरो बाईकना बरीच वर्षं बिनालिंकेजचा पीडीएस शॉक ठेवला, तिथे तेच काम शॉकच्या आत होतं, खाली दगडावर आपटायला काही लटकत नाही आणि ग्रीसिंगची कटकट नाही. तुम्ही जर स्वतः ग्रीसिंग करणार नसाल तर हा मुद्दा मोठा आहे, कारण चिखल-पाण्यात चालवलेल्या लिंकेजच्या सुई बेअरिंगना एका सीझनमध्ये गंज चढलेला मी हाताने काढलाय, आतून लाल पावडर पडते. मालक तोवर शॉकचे क्लिकर फिरवत असतो.

प्रश्न : ॲडव्हेंचर बाईक आहे, ट्रॅव्हल २१० मिमी. मागे सामान बांधलं की हेडलाइट आकाशात. सॅग १०० ठेवायचा का?

उत्तर : १०० हा आकडा ३०० मिमीवाल्यांसाठी, तुम्ही ट्रॅव्हलच्या साधारण तिसरा हिस्सा धरा, म्हणजे ६५-७० मिमी. सामान बांधून मोजा आणि प्रीलोडच्या नॉबचे किती क्लिक लागले ते लिहून ठेवा, एकटे असताना किती तेही. सामान उतरवल्यावर परत सैल करायला विसरू नका. प्रीलोड वाढवल्यावर रिबाउंडही एक-दोन क्लिक आत लागेल.

प्रश्न : सकाळी शॉक मस्त असतो, अर्ध्या-पाऊण तासाने मागचं घोड्यासारखं उसळायला लागतं. थांबून थंड झालं की परत ठीक. क्लिकर आत घेतला तर थोडा फरक पडतो. मित्र म्हणतो घरीच उघडून ऑइल बदलू.

उत्तर : ऑइल संपलंय, म्हणजे कमी झालं असं नाही, त्याचा जीव गेलाय. गरम झालं की पार पातळ होतं, त्यात हवा मिसळली असेल तर फेस होतो आणि डॅम्पिंग उरतच नाही, फक्त स्प्रिंग उरते आणि ती तुम्हाला वर फेकते. क्लिकर आत घेणं हा घरी परत येईपर्यंतचा इलाज. जोरात चालवत असाल तर फोर्कचं ऑइल २० ते ४० तासांनी आणि शॉक ४०-५० तासांनी सर्व्हिस करावा, निवांत चालवणाऱ्याला थोडं जास्त चालतं. तासांचा मीटर नसेल तर छोटा लावून घ्या, अंदाज नेहमी चुकतो आणि कमीच धरला जातो.

फोर्क घरी उघडायला माझी हरकत नाही, शिकायला तो चांगलाच आहे. शॉक मात्र नको. त्याच्या बाटलीत १० बारच्या आसपास नायट्रोजन असतो, तो न काढता झाकण सोडवलं तर ते तोंडावर येऊ शकतं, आणि परत भरायला नायट्रोजनची सोय लागते, पंपाने साधी हवा भरून भागत नाही. शॉक बाईकवरून तुम्ही काढा, धुऊन पुसून स्वच्छ करा आणि सर्व्हिसवाल्याकडे नुसता शॉक न्या, पैसे वाचतील. देताना तुमचं गिअरसकट वजन, आत्ताचा सॅग, स्टॅटिक आणि क्लिकरचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून शॉकलाच चिकटवा. शॉक काढलाच आहे तर त्याच दिवशी लिंकेज आणि चिमट्याची (स्विंगआर्मची) बेअरिंग काढून ग्रीस भरून घ्या, परत एवढं सगळं उघडायची वेळ लवकर येत नाही.